शारजातली आत्याबाई आणि बारा पिना

वाळवंटात लोकरीचा स्वेटर घालून उतरलेला मी पहिलाच माणूस असेन असा दावा करत नाही, पण त्या दिवशी शारजाच्या विमानतळावर तरी मी एकटाच होतो. हवालदारासारखा दिसणारा एक अरब अधिकारी माझ्याकडे पाहून शेजारच्याला काहीतरी बोलला आणि दोघं मनापासून हसले. दोष बायकोचा. "अण्णांकडं चाललाय ना, मग घाला," म्हणाली आणि घरातच अंगात चढवला. तिच्या लेखी अण्णा म्हणजे थंडी.

अण्णा माझा थोरला भाऊ. सीमेवरचे रस्ते सांभाळणाऱ्या खात्यात तो बारा वर्षं होता. काश्मीरहून लडाखला जाताना एक खिंड लागते, हिवाळ्यात तिथं घराच्या उंचीएवढा बर्फ साचतो. तो कापून रस्ता मोकळा करणारं यंत्र अण्णा चालवायचा. त्याची पत्रं यायची ती सगळी बर्फाची. आज कोरडा पडला, आज ओला पडला, आज निळा दिसत होता. आईला वाटायचं पोरगं दुःख लपवतंय, म्हणून असलं काहीतरी लिहितंय. तसं काही नव्हतं. त्याला बर्फ आवडायचा, एवढंच.

मग दोन बहिणींची लग्नं आली, मला शिरोलीत कातकामाचं वर्कशॉप टाकायची हौस आली, आणि सरकारी पगारात ते बसेना. अण्णानं नोकरी सोडली आणि शारजात जुन्या अवजड यंत्रांच्या एका यार्डात मेकॅनिक म्हणून गेला. माझं पहिलं लेथ मशीन त्याच्या पगारातून आलं. आठ वर्षं झाली, तो अशा गावात राहत होता, जिथं बर्फ फक्त सरबतात दिसतो.

१९९८ च्या उन्हाळ्यात त्याचं पत्र आलं. पाकिटात एक तुटकी लोखंडी पिन, करंगळीएवढी, मधोमध खाच पाडलेली. "अशा बारा करून आण. माल मऊ घे, साधं लोखंड. खाच नमुन्याएवढीच खोल. बाकी ये, तुला आत्याबाई दाखवतो."

आता मी कोल्हापूरचा कातारी. ट्रकचे एक्सल ज्या पोलादाचे होतात ते पोलाद माझ्या कपाटात, आणि भाऊ म्हणतो मऊ लोखंड? मला वाटलं, बिचारा काटकसर करतोय, नाहीतर इकडं चांगला माल मिळतो हेच विसरलाय. मी उत्तम पोलाद घेतलं, पिना कातल्या, भट्टीतून पाणी देऊन कडक करून आणल्या आणि खाचही जराशी उथळ ठेवली. बाराच्या बारा अशा चकाकत होत्या की बायको म्हणाली, देव्हाऱ्यात ठेवण्यासारख्या झाल्यात. त्या बनियनमध्ये गुंडाळून, शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्याशेजारी ठेवून मी निघालो.

शारजा, यार्ड

अण्णा विमानतळाबाहेर उभा होता. काळवंडलेला, वाळलेला. मला स्वेटरमध्ये बघून तो इतका वेळ हसला की टॅक्सीवाला पठाण कंटाळला.

"अरे काढ की ते."

"आत बनियन नाही. बनियन पिनांना घातलंय."

"म्हणजे आणल्यास पिना," तो एकदम गंभीर झाला. "मऊच केल्यास ना?"

"अगदी नमुन्याबरहुकूम," मी म्हणालो. मनात योजना अशी, की पिना टिकल्या की मग मिशीला पीळ देऊन सांगायचं, बघ कुठलं पोलाद वापरलं ते.

यार्ड म्हणजे वाळूत पत्र्याचं कुंपण घातलेलं एक मैदान. मालक हाजीसाहेब, पांढऱ्या दाढीचे म्हातारे व्यापारी. जपानहून, युरोपातून जुनी यंत्रं ढिगानं विकत घ्यायची आणि गिऱ्हाईक येईल तसं इराण, अफगाणिस्तान, पार वरच्या डोंगराळ देशांपर्यंत पाठवायची, असा धंदा. रस्ता सपाट करणारे ग्रेडर आणि माती उचलणारे लोडर लगेच खपत. पण त्या ढिगाबरोबर न मागता येणारी बर्फाची यंत्रं कुणी विचारत नसे. ती मागच्या कुंपणाला ओळीनं उभी होती, उन्हात.

आमच्याकडं जत्रेत बैल दाखवतात तशी अण्णानं मला ती एकेक करून दाखवली. पहिला होता एक नारिंगी नांगर, ट्रकच्या तोंडाला लावायचा, माणसापेक्षा उंच, मधोमध होडीच्या नाळेसारखी धार. त्याच्या लोखंडाला इतक्या ठिकाणी पोचे आले होते की हात फिरवला तर म्हाताऱ्याच्या कपाळावरून फिरवल्यासारखं वाटे. "प्रत्येक पोचा म्हणजे एक दगड," अण्णा म्हणाला. "बर्फाखाली दिसत नाही, मग भेटतो." त्याच्या पुढं एक रशियन यंत्र, तोंडाशी दोन लोखंडी हात असलेलं. ते हात आळीपाळीनं पुढं येऊन बर्फ पोटाशी ओढत आणि पट्ट्यावरून मागच्या ट्रकात टाकत. आजी परातीतलं पीठ ओढायची, अगदी तसं. त्याची केबिन लाकडी होती आणि बाकावर कुणीतरी शिवलेली गोधडीसारखी गादी अजून होती. मी त्यावर बसून पाहिलं. बसलो तो खिडकीची काच निसटून बाहेर पडली. हाजीसाहेब लांबून म्हणाले, "हबीबी, बेचना है, तोडना नहीं."

आणि शेवटी आत्याबाई.

पिवळी, डौलदार, अंगावर जपानी अक्षरं. तोंड एवढं रुंद की दोन म्हशी शेजारी शेजारी आत शिरतील. त्या तोंडात मळसूत्रासारखी वळलेली दोन मोठी पाती. ती फिरत फिरत बर्फ खातात, मागचा पंखा तो उचलतो आणि डोक्यावरच्या वळत्या धुराड्यातून पन्नास-साठ फूट लांब फेकतो. आमची एक आत्या होती, तिला गप्प बसवणं कुणाला जमलं नाही. तिचं नाव दिलं होतं. अण्णानं पाच वर्षं, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, हे यंत्र जिवंत केलं होतं. इंजिन उतरवून बसवलेलं, गंज घासलेला. धुराड्यात चिमण्यांचं घरटं होतं, ते मात्र पिल्लं उडून जाईपर्यंत हलवलं नव्हतं.

"खिंडीत माझ्याकडं हिचीच थोरली बहीण होती," तो म्हणाला. एरवी कुठल्याही यंत्राचा विषय निघाला तरी नुसती मान डोलावणारा हा माणूस त्या पिवळ्या पत्र्यावर हात ठेवून बोलताना तिशीतला दिसत होता.

मग त्यानं खरी बातमी सांगितली. ताजिक डोंगरातून एक इंजिनिअर आला होता, दौलत नावाचा. आमच्या गल्लीत एक दौलतराव आहेत, म्हणून मी त्याला लगेच दौलतराव करून टाकलं. त्याच्या भागातली खिंड हिवाळ्यात पाच महिने बंद पडे आणि पलीकडची गावं तेवढे महिने तोडली जात. आत्याबाई त्याला पसंत होती. आणि तिच्याबरोबर, तीन हिवाळ्यांसाठी, ती चालवायला अण्णा. हाजीसाहेबांनी सोडायचं कबूल केलं होतं. अट एकच, रविवारी दौलतरावांसमोर यंत्र चालवून दाखवायचं.

"म्हणजे तू परत बर्फात?"

"बर्फात," अण्णा म्हणाला. एवढंच म्हणाला, पण मी आयुष्यात कुणाला इतक्या सांभाळून एखादा शब्द उच्चारताना ऐकलेलं नाही.

"आणि ह्या पिना कुठं बसतात?"

त्यानं दाखवलं. पाती आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या दांड्यावर. "बर्फात दगड असतो, कुणाच्या गाडीचा बंपर असतो. पाती त्यात अडकली की जोर मागं गिअरबॉक्सवर येतो. मग ही पिन तुटते. तुटायलाच ठेवलेली असते. पाती सुटून मोकळी फिरतात, गिअरबॉक्स वाचतो. दोन मिनिटांत नवी घालायची आणि पुढं चालायचं. मऊ असते म्हणून तर कामाची."

ऊन पंचेचाळीस अंशांचं असेल, पण माझ्या पाठीवरून गार घाम गेला.

अण्णानं बनियन उलगडलं. बारा पिना वाळूत चकाकल्या. त्यानं एक उचलली, खिशातून कानस काढली. कानस मऊ लोखंडाला खाते, कडक पोलादावरून घसरते. एका घासात माझं बिंग फुटलं असतं. कानस पिनेला टेकली, आणि त्यानं ती पुन्हा खिशात ठेवली.

"भावाचं काम काय तपासायचं," तो म्हणाला, आणि वळून हाक मारली, "हाजीसाब, देखो. मेरे भाई ने बनाया."

हाजीसाहेब आले, वेल्डर आला, चहा पोचवणारा केरळी आला. पिना या हातातून त्या हातात फिरल्या. "माशाल्ला," हाजीसाहेब म्हणाले, "इंडिया में ऐसा काम होता है?" मी लाजलो. हो, चक्क लाजलो. खरं सांगायची ती वेळ होती, आणि मी नवरीसारखा वाळूत अंगठा फिरवत उभा होतो.

अल मनखूल, शुक्रवार

शुक्रवारी सुट्टी. अण्णा दर शुक्रवारी दुबईत, अल मनखूलला आमच्या मावसबहिणीकडं, सुलूकडं जेवायला जायचा. वाटेत मी ठरवलं, आज सांगायचं. अजून दोन दिवस आहेत, इथं लोखंडाचा मऊ बार मिळेल, कुणाच्या तरी लेथवर दुपारभरात बारा पिना होतील. कठीण काहीच नव्हतं. फक्त तोंड उघडायचं होतं.

सुलूनं तांबडा-पांढरा रस्सा केला होता आणि मटणाचा भाव दिरहममध्ये सांगून लगेच रुपयांत करून दाखवला. तिकडं सगळ्यांनाच ही सवय. वीस वर्षं राहिले तरी जिभेवर दिरहम आणि डोक्यात रुपया. तिची नऊ वर्षांची रेवा मराठी सगळं समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची.

"रेवा, अण्णामामाला विचार ते काय करतात यार्डात," सुलू म्हणाली.

"आय नो. ही फिक्सेस स्नो मशीन्स. बट देअर इज नो स्नो हिअर, मामा."

"नाही ना," अण्णा म्हणाला. "म्हणून तर तुमच्याकडं येतो."

मला वाटलं थट्टा करतोय. पण जेवण झाल्यावर तो उठला, स्वयंपाकघरात गेला आणि सुलूच्या जुन्या फ्रिजचं वरचं दार उघडलं. आत हिमाचा बोटभर थर जमला होता. शर्टाची बाही वर करून, लाकडी उलथन्यानं तो थर खरवडू लागला. सावकाश, कडेनं आत. मधेच थांबून हात नुसता आत ठेवायचा. रेवा खुर्चीवर उभी राहून बघत होती.

"हा ओला," तो तिला सांगत होता. "हाताला चिकटतो. कोरडा असता तर फुंकरीनं उडाला असता. वरचा थर आजचा, खालचा मागच्या आठवड्यातला. हे बघ, रेघ दिसतेय?"

"हाऊ डू यू नो?"

"ओळख असते."

"दर शुक्रवारी," सुलू माझ्या कानाशी म्हणाली. "मी मुद्दाम साफ करत नाही. बरंय, फुकटचा माणूस मिळालाय." आणि हसली.

परतीच्या टॅक्सीत मी दोनदा "अण्णा" म्हणालो. पहिल्यांदा त्यानं "काय?" विचारलं तर मी म्हणालो, रस्सा झकास होता. दुसऱ्यांदा तोच बोलायला लागला, तिकडं ऑक्टोबरपासून पडतो म्हणे, कोरडा. आणि मी स्वतःची समजूत घातली, की यार्डात कुठं दगड आहेत, काही अडकणारच नाही. आयुष्यात मी बऱ्याच चुका अंदाजानं केल्यात. ही पूर्ण माहितीनिशी केली.

बर्फाचा दिवस

शारजात बर्फ आणायचा कुठून? हाजीसाहेबांनी मासळी बाजाराजवळच्या बर्फाच्या कारखान्यातून चुरलेल्या बर्फाचा आख्खा ट्रक मागवला. "बर्फ की मशीन है, रेत पे चलाऊँ क्या?" म्हणाले. सकाळी दहाला तो ढीग वाळूत ओतला आणि त्यातून वाफ निघू लागली. यार्डातलं काम आपोआप थांबलं. वेल्डर, ड्रायव्हर, क्लार्क, शेजारच्या टायरवाल्याची माणसं, सगळे जमले. मी स्वेटर घातला होता. मुहूर्त म्हणून. दौलतराव मला बघून हसले, गळ्यातला मफलर दाखवला आणि फारसीत काही म्हणाले. हाजीसाहेबांनी सांगितलं, "बोलता है, इस यार्ड में दो ही समझदार हैं."

अण्णानं पहिली पिन बसवली. केबिनमध्ये चढला. आत्याबाई खोकली, गुरगुरली आणि सुरू झाली. पाती फिरायला लागली, ती इतकी सावकाश आणि एकसारखी की सगळे नकळत एक पाऊल पुढं सरकले. मग तिनं ढिगात तोंड घातलं.

मी तो देखावा विसरणार नाही. धुराड्यातून पांढरी कमान उठली, निळ्या आभाळावर, आणि पलीकडं वाळूवर बर्फ पडायला लागला. शारजात, उन्हात. लोक धावले. वेल्डर त्याखाली तोंड वर करून उभा राहिला. कुणी टोपीत झेलला, कुणी एकमेकांच्या मानेत टाकला. हाजीसाहेबांच्या दाढीत कण चमकत होते आणि ते पुसत नव्हते. केबिनच्या काचेतून अण्णा दिसत होता. तो कुणाकडंच बघत नव्हता. रस्त्याकडं बघावं तसं समोर बघत होता.

आणि धाडकन आवाज आला.

कारण पुढं कळलं. लाद्या ओढायचा लोखंडी आकडा असतो बर्फवाल्यांकडं, तो ढिगातच राहून गेला होता. पात्यांनी तो धरला. पाती थांबली, इंजिन मागून ढकलत राहिलं. पिन तुटायला हवी होती. माझी पिन तुटली नाही. एखादं झाड मोडावं तसा लांबलचक आवाज झाला आणि गिअरबॉक्सचं कवच उभं चिरलं. काळं तेल पांढऱ्या चुऱ्यावर पसरायला लागलं.

अण्णा खाली उतरला. वाकून बघितलं. सगळे भोवती. त्यानं पिन बाहेर काढली. तिच्यावर साधा ओरखडा नव्हता. त्यानं खिशातली कानस घेतली आणि एकदा, फक्त एकदा, पिनेवर फिरवली. किर्र असा आवाज झाला आणि कानस घसरली.

त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. पिन मुठीत घेतली.

"क्या हुआ?" हाजीसाहेब म्हणाले. "पिन क्यों नहीं टूटा? ये किसका क़सूर है?"

मी एक पाऊल पुढं टाकलं. एवढं मात्र मी नक्की केलं. तोंडही उघडलं असेल.

"मेरा," अण्णा म्हणाला. "गिअरबॉक्स में पुराना क्रॅक था. मुझे खोलके देखना चाहिए था. नहीं देखा."

हाजीसाहेबांनी ते फारसीत सांगितलं. दौलतरावांनी वाकून चिरलेलं कवच पाहिलं. मग अण्णाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच काही बोलले. हाजीसाहेबांनी ते आम्हाला सांगायचं टाळलं, पण अण्णानं मान हलवली, त्याला कळलं होतं. जो माणूस यंत्र न उघडता बर्फात नेतो, त्याच्या भरवशावर खिंड सोपवता येत नाही. दौलतरावांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. त्यांनी नारिंगी नांगर घेतला आणि संध्याकाळच्या आत कागद करून गेले.

लोक पांगले. उरलेल्या बर्फाचं पाणी झालं, पाण्याची वाळू झाली. अण्णा फडकं घेऊन आत्याबाईचं तोंड पुसत होता.

"अण्णा," मी म्हणालो.

"स्वेटर काढ आता," तो म्हणाला. "घामोळं येईल."

परत

त्यानंतरचे तीन दिवस त्यानं मला सगळं दाखवलं. खाडीवरच्या होड्या, सोन्याचा बाजार, खजुराचे सोळा प्रकार. सोळाही मला खायला लावले आणि माझं पोट बिघडलं तेव्हा हसला. चांगलं हसला. मी सांगायला लागलो की तो काहीतरी दाखवायचा. मला आधी वाटलं, योगायोग. मग कळलं की तो मला बोलू देणार नाही.

विमानतळावर त्यानं खजुराचा डबा हातात दिला. "वहिनीला दे. जड आहे, सांभाळून." माझ्या बायकोला तो वहिनी म्हणतो, ती धाकटी असूनही, पहिल्या दिवसापासून थट्टेनं.

घरी डबा उघडला. वर खजूर. खाली माझं बनियन, धुऊन, घडी घालून. त्यात पिना. मी मोजल्या. बाराच्या बारा, आणि एकीवर कानशीची किंचित चकाकी. बायकोनं विचारलं, "परत का पाठवल्या? बसल्या नाहीत?" मी म्हणालो, मापात फरक पडला. म्हणजे तिथंही खोटंच.

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. चौथं टाकलं. त्यात सगळं लिहिलं, पोलाद, भट्टी, उथळ खाच. महिन्यानं उत्तर आलं. अण्णानं वर्कशॉपची चौकशी केली होती, चटणी संपल्याचं कळवलं होतं, आत्याबाई भंगारात गेल्याचं एका ओळीत होतं. पिनांचा उल्लेख नव्हता. शेवटी लिहिलं होतं, "तुझं काम सुबक असतं. सगळ्यांना दाखवतो." मी ते वाक्य अनेकदा वाचलंय. त्यात कुठंही टोमणा सापडत नाही, आणि तेच सोसत नाही.

हे सगळं आज लिहायला बसलो त्याला कारण परवा आलेला सुलूचा फोन. दोन वर्षं झाली त्या प्रवासाला. ती इकडच्या तिकडच्या गप्पा मारत होती. रेवाला चष्मा लागला, घरभाडं वाढलं, किती दिरहम, म्हणजे किती रुपये. मी विचारलं, अण्णा कसा आहे.

"बराय. पण गेले चार शुक्रवार आला नाही बघ. फोन केला तर म्हणतो काम आहे. शुक्रवारी कसलं काम रे?"

"काही बोललीस का त्याला?"

"मी कशाला काय बोलू? मागच्या महिन्यात आला होता, तेव्हा तर उलट नवा फ्रिज दाखवला मी त्याला. मोठा, दोन दारांचा. बर्फ धरतच नाही त्यात, आपोआप जातो. बघत उभा राहिला जरा वेळ. छान आहे म्हणाला."

"आणि जुना?"

"विकला. तीस दिरहमला, म्हणजे साडेतीनशे रुपये झाले."

"अगं, का विकलास?"

तिला माझा आवाज कळला नसावा. ती हसली. "काय ठेवायचं होतं त्यात, बाळूदादा," म्हणाली. "नुसता बर्फ साचायचा."